थंडीत चढणारा पारा

सकाळचा उजेड या खोलीत एकदम शिरत नाही. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवरल्या पाण्याच्या टाकीवर उतरतो, तिथे अंमळ रेंगाळतो, मग भिंतीवरून सावकाश घसरत रस्त्यावर येतो आणि रस्ता ओलांडून आमच्या खिडकीच्या वरच्या काचेशी थबकतो. हिवाळ्यात त्याचा रंग पाणी घातलेल्या दुधासारखा असतो. काच धुक्याने आंधळी झालेली असते. तिच्यातून वाट काढायला त्याला वेळ लागतो आणि आत आल्यावरही तो भिंतीच्या कडेकडेनेच सरकतो. प्रथम तो वजनकाट्याच्या तबकडीला शिवतो. मग बाकाच्या कडेला, जिथे असंख्य माणसांच्या बसण्याने रंग उडून लाकूड उघडे पडले आहे, तिथे तो क्षणभर सोनेरी होतो. तिथून टेबलावरच्या मेणकापडावर, शाईच्या जुन्या डागावर, उपड्या घातलेल्या काचेच्या पेल्यावर. पेल्यात शिरला की त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि ते छतावर थरथरत राहतात, कुणी हलवत नसतानाही. त्यांच्याकडे पाहत राहिले की मनाला एक शांत हुरहुर लागते. अखेर, बाहेर दूधवाल्याच्या सायकलीची घंटा वाजून गेल्यावर, उजेड माझ्या कपाटापाशी येतो. माझ्या नळीच्या तळाशी निजलेल्या पाऱ्यावर तो पडतो आणि पाऱ्याचा एक इवलासा चंद्र होतो. या उजेडाला ऊब नसते. नुसते दिसू लागते, एवढेच. पण जुन्या वस्तूंना तेवढे पुरते.

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. तुम्ही मला कदाचित पाहिलेही नसेल. तुमच्या घरी असते ते बटण दाबताच गुरगुरणारे, पडद्यावर आकडे दाखवणारे यंत्र. मी त्याच्या आजोबांच्या पिढीतला. माझे अंग म्हणजे एक पत्र्याची लांबट पेटी. झाकण उघडले की आतून काचेची नळी उभी राहते, नळीशेजारी आकड्यांची शिडी, तळाशी पाऱ्याची कुपी, आणि पेटीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला कापडी पट्टा व रबरी फुगा. स्वभावाने मी बुजरा आहे. कुणी फुगा दाबल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, आणि उघडले तरी दोन आकड्यांपलीकडे बोलत नाही. आज मात्र थोडे जास्त बोलणार आहे.

माझी नळी ज्याने फुंकली त्या कारागिराचे गाल काम करताना एवढे फुगत की सोबतचे लोक त्याला 'बेडूकराव' म्हणत. बेडूकराव रागावत नसे. तो म्हणे, "हसा, हसा. तुमची फुंकर चुलीपुरती, माझी फुंकर डॉक्टरच्या टेबलावर जाऊन बसते." मग मला पारा भरणाऱ्या बाईंच्या हाती दिले गेले. त्यांच्या हातांत जाड मोजे होते, तोंडावर फडके होते आणि त्या पाऱ्याशी अतिशय अदबीने वागत. सांडलेला पारा चमकतो म्हणून त्याच्याशी खेळायचे नसते, त्याची वाफसुद्धा विषारी असते, हे त्या नव्या माणसांना पुन्हापुन्हा बजावत. त्यांनी मला जो पारा दिला, त्याच बाटलीतला उरलेला पारा एका तापमापकात गेला. म्हणजे तो माझा सख्खा भाऊ. आम्ही दोघे एकाच वेळी कारखान्यातून बाहेर पडलो आणि पुन्हा कधी भेटलो नाही. पण त्याच्या जातीचे कितीतरी तापमापक मी नंतर भिंतींवर टांगलेले पाहिले आणि एक गोष्ट ध्यानात आली. हवा गारठली की ते खाली उतरतात. मी मात्र, माणसाच्या दंडाला बांधलेला असलो तर, वर चढतो. एकाच बाटलीतला पारा. थंडीत एक खाली, एक वर. असे का, हे कळायला मला अर्धे आयुष्य लागले.

ज्या डॉक्टरबाईंनी मला विकत घेतले, त्या तेव्हा नुकत्याच शिकून आल्या होत्या. बोलणे कमी, आवाज हळू, आणि रुग्णाच्या डोळ्यांत पाहण्याऐवजी माझ्या नळीकडे पाहण्याची सवय. आमचे चटकन जुळले. त्या पट्टा गुंडाळत, फुगा दाबत, पारा शिडी चढत जाई. मग त्या कानाला नळ्या लावून हळूच हवा सोडत, आणि पारा उतरू लागे. उतरताना एका ठिकाणी दंडाच्या शिरेतून ठोका ऐकू येई. तो वरचा आकडा. पुढे एका ठिकाणी ठोका विरून जाई. तो खालचा आकडा. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात माणूस राहतो, असे मला तेव्हा वाटे आणि अजूनही वाटते.

किती दंड भेटले! शिंप्याचा सडपातळ दंड, खाटकाचा खांबासारखा, शिक्षिकेचा खडूच्या वासाचा. नव्या आईचा दंड, ज्यात झोप साठलेली असे. कपड्यांवरून माणूस मोठा की लहान ते कळते. पट्ट्याखाली सगळे सारखेच, थोडे घाबरलेले. "बाईंचं यंत्र पोटातलं ओठांवर आणतं," असे एक आजी म्हणाल्या होत्या. ते ऐकून मला मोठी धन्यता वाटली.

आमच्या दवाखान्याकडे एका शीतगृहाच्या कामगारांची तपासणी होती. लोणी, मटार, मासे असा माल तिथे गोठवून ठेवत. बाई दर महिन्याला मला पिशवीत घालून तिकडे नेत. शीतगृहाचे दार भिंतीएवढे जाड. ते उघडले की आतून पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत बाहेर येई. दाराबाहेर खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर एक कापूस भरलेला जाड कोट. कोट चांगले होते. पण ते कायम खुंटीवरच असत.

याला कारण होता तिथला मुकादम. त्याला सगळे 'भट्टी' म्हणत. बाहेर पाणी गोठत असले तरी हा गडी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, उघड्या डोक्याने, त्या बर्फाच्या खोलीत हातगाडा ढकलत जाई आणि शीळ घालत बाहेर येई. त्याने तिथे एक रीतच पाडली होती. जो कोट घालून आत जाईल, त्याला 'पाहुणा' म्हणायचे. "या पाहुणे, बसा पाहुणे, चहा घेणार का पाहुणे?" अशी दिवसभर सरबराई चाले. ती सरबराई कुणालाच सोसत नसे. चार दिवसांत नवा माणूस कोट खुंटीला टांगून कुडकुडत आत जाऊ लागे, आणि भट्टी त्याची पाठ थोपटून म्हणे, "आता घरचा झालास."

त्या रीतीला न जुमानणारा एकच इसम तिथे होता. दाराची मूठ सांभाळणारा एक किडकिडीत, उतारवयाचा गृहस्थ. तो बाराही महिने गळ्यात मफलर गुंडाळून असे, म्हणून त्याचे नावच 'मफलर' पडले होते.

"काय मफलर, आज ऊन कडक आहे, गळा भाजला असेल," भट्टी म्हणे.

"माझा गळा माझ्या पैशाचा आहे. तू तुझी भट्टी सांभाळ. एक दिवस कोळसा संपेल."

"अरे, या भट्टीला कोळसा लागतच नाही!"

सगळे हसत. मलाही गंमत वाटे. त्या आनंदी माणसाचा दंड भरदार होता, ठोका खणखणीत होता, आणि आकडे अगदी शहाण्या मुलासारखे जागच्या जागी.

इथे, मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आमची तपासणी होई ती कामगारांच्या चहाच्या खोलीत. तिथे मोठी शेगडी होती, खिडक्या बंद असत. बाईंची शिस्त अशी की, माणूस आला की आधी त्याला शेगडीजवळ स्वस्थ बसवायचे, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर ठेवायला सांगायचे, आणि मग मोजायचे. चहा नंतर. मफलर यावर दर वेळी कुरकुरे, "बाई, चहाचा वास घेत बसल्यानं माझा दाब वाढतो, त्याचं काय?" पण बाईंची पद्धत बरोबरच होती, तसेच मोजायचे असते. फक्त झाले असे की, जो माणूस दिवसभर बर्फात राबतो, त्याला आम्ही कायम उबेतच भेटलो. त्याच्या दंडाची आणि माझी ओळख नेहमी शेगडीपाशीच झाली. दाराआड त्याचे काय होत असेल, ते मला कधी कळलेच नाही.

मग एका हिवाळ्यात चहाच्या खोलीचे छप्पर दुरुस्तीला काढले आणि तपासणी माल उतरवायच्या धक्क्यावर आली, अगदी त्या जाड दाराशेजारी. माणसे थेट आतून येत आणि माझ्यासमोर बसत. बोटे निळसर, कानांच्या पाळ्या लाल. पट्टा गुंडाळला की कातडीचा गारवा माझ्या कापडातून आत शिरे. भिंतीवरच्या तापमापकाने तळ गाठला होता. आणि मी चढत होतो. पहिल्या माणसाला चढलो, दुसऱ्याला चढलो. भट्टीच्या दंडावर तर एवढा चढलो की बाईंनी हवा पुन्हा सोडली, पट्टा पुन्हा बांधला आणि पुन्हा पाहिले. आकडा तोच.

"दादा, आज काही त्रास होतोय का?"

"मला? बाई, त्रास या डब्याला होतोय. म्हातारं झालं ते, त्याला आता घरी बसवा. माणसांना नाही तर यंत्रांना तरी पेन्शन द्या!"

धक्का हसण्याने दणाणला. भट्टी उठला आणि जाता जाता त्याने मूठ छातीच्या मध्यावर दाबून धरली. बाईंनी विचारले तेव्हा म्हणाला, "बटण सैल झालंय सदऱ्याचं. चाचपून बघतोय."

बाई परत येताना पिशवीतल्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. इतक्या जणांचे आकडे एकाच दिवशी वाढावेत, हे त्यांनाही पटेना. माणसाने माणसावर संशय घेतला तर भांडता येते; वस्तूने काय करावे? त्यांनी मला दुरुस्तीवाल्याकडे दिले आणि एक नवे सेलवर चालणारे यंत्र घेतले. पुढच्या महिन्यापर्यंत छप्पर दुरुस्त झाले होते. नव्या यंत्राने शेगडीपाशी सगळ्यांचे आकडे मोजले. ते उत्तम आले. झाले! जुना खोटा, नवा खरा, असा निकाल लागला. नव्याचे कौतुक झाले, भट्टीने त्याला म्हणे पेढ्यासारखे हळूच उचलून पाहिले.

दुरुस्तीवाल्याने मला उघडले, पुसले, तपासले आणि परत देताना बाईंना सांगितले, "याला काही झालेलं नाही. पारा शून्यावर आहे, नळी स्वच्छ आहे. उगाच आणलंत." बाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी मला कपाटात ठेवले. खरे असूनही बाजूला पडण्याचे दुःख फार मोठे नसते, मित्रांनो. फक्त ते शांत असते आणि सकाळच्या उजेडात थोडे जास्त जाणवते.

असाच एक हिवाळी दिवस उजाडला होता. बाहेर एवढा गारठा की रस्त्यावरच्या माणसांची बोलणी वाफेच्या रूपाने दिसत होती. दार ढकलून एक नवराबायको आत आली. बायकोच्या गुडघ्याचे दुखणे होते. नवरा नुसता सोबतीला आला होता. अर्ध्या बाह्यांचा सदरा पाहून मी त्याला लगेच ओळखले. बाईंनी वहिनींचा गुडघा पाहिला आणि सवयीने म्हणाल्या, "दादा, आलाच आहात तर तुमचंही बघून घेते." नवे यंत्र त्यांनी पुढे ओढले. बटण दाबले. ते गप्प. सेल संपले होते. बाई क्षणभर घुटमळल्या, उठल्या आणि त्यांनी कपाट उघडले.

"हे म्हातारं अजून जिवंत आहे होय?" भट्टी म्हणाला.

पट्टा बांधला गेला. दंड दगडासारखा गार होता. फुगा दाबला जाऊ लागला आणि मी चढत गेलो, चढत गेलो, त्या धक्क्यावरच्या दिवसाइतकाच वर. त्याची शीर ठोके देत होती, पण त्यांच्यात एक ओढाताण होती, चढावर गाडा ओढणाऱ्या माणसाच्या श्वासासारखी.

"बघा, पुन्हा तेच! मी म्हटलं नव्हतं?" असे म्हणत त्याने मोकळा हात छातीच्या मध्यावर नेला.

तेव्हा वहिनी वैतागून बोलल्या. "डॉक्टर, ह्यांना जरा सांगा हो. ते बटण मी कितीदा शिवलं. दुहेरी दोऱ्यानं शिवलं. सदरा फाटेल पण बटण हलणार नाही. तरी थंडीत बाहेर पडलं की ह्यांचा हात तिथंच. जिन्यावर थांबतात, कोपऱ्यावर थांबतात, बटण चाचपतात. लहान मुलासारखं झालंय ह्यांचं."

"अगं, तू गप्प बस ना. बायकांना कुठं काय बोलावं..."

"मी का गप्प बसू? दोरा माझा गेला!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या नळीकडे पाहिले, मग त्या हाताकडे, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी रुग्णाच्या डोळ्यांत सरळ पाहिले. "दादा, इकडे हीटरजवळ बसा. ही चादर घ्या. बोलू नका." बराच वेळ गेला. बाहेर एक ट्रक आला नि गेला. मग त्यांनी मलाच पुन्हा त्याच दंडाला बांधले. दंड आता कोमट झाला होता. मी चढलो, पण पहिल्याइतका नाही. पुष्कळ खाली राहिलो. तोच दंड, तेच यंत्र. मध्ये फरक फक्त उबेचा.

"यंत्र खोटं नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या. मला वाटते, त्या माझ्याशी बोलत होत्या.

मग त्यांनी त्याला समजावले, आणि कपाटात परत जाण्याआधी मीही ते ऐकले. थंडी लागली की शरीर आपली ऊब आत राखू पाहते. कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, वाट अरुंद होते. रक्त मात्र तेवढेच असते. ते त्या अरुंद वाटांतून ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून दाब वाढतो.

भट्टी खाली मान घालून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हणजे धक्क्याची सगळी दारं बंद, एकच उघडं, आणि गाड्या तेवढ्याच आल्या, तसं?"

"तसंच. आणि सगळ्या गाड्यांचा माल ओढायला माणूस एकटा. तोही असा, की ज्याला थंडीत स्वतःलाच रक्त कमी पोचतंय. वरून तुम्ही जड गाडा ढकलता. मग तो माणूस ओरडणार नाही तर काय करील? तुम्ही त्या ओरडण्याला बटण म्हणता."

वहिनींनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. "अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "दुखत होतं का?"

तो छताकडे पाहून म्हणाला, "हीटर फार आहे हो तुमचा."

त्याच दिवशी बाईंनी त्याच्या हृदयाचा आलेख काढला आणि त्याला मोठ्या दवाखान्यात धाडले. तिथे कळले की हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी निम्म्याहून अधिक बुजली होती. उन्हाळा कसाबसा निभावून जाई. थंडीत मात्र तेवढीही वाट पुरत नसे. तिथल्या डॉक्टरांनी ती वाट मोकळी केली, गोळ्या सुरू केल्या, विश्रांती सांगितली. वेळेवर आलात, असेही म्हणाले. ते ऐकून वहिनींचा जीव भांड्यात पडला. भट्टी घरी आला, दिवसा ऊन अंगावर घेत बसू लागला, आणि मफलर रोज संध्याकाळी त्याच्याशी वाद घालायला जाऊ लागला.

कामावर परतायची परवानगी मिळाली ती अटीवर. आत जायचे तर थोडाच वेळ, जड गाडा ओढायचा नाही, आणि कोट, टोपी, हातमोजे घातल्याशिवाय दार ओलांडायचे नाही. दवाखान्यात ही अट ऐकताना त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला कुणी शिक्षा सुनावली.

"एवढी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हूं की चूं केलं नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आणि एका कोटाला एवढं घाबरता?"

"तुला नाही कळायचं. मी कोट घालून आत गेलो की उद्यापासून सगळे मला पाहुणा म्हणणार."

"म्हणू दे की! पाहुण्याला निदान बसायला खुर्ची तरी देतात."

तो हसला, पण ते हसू लगेच विझले. मी त्या वेळी त्याच्या दंडावर होतो आणि मला कळत होते की, हा विनोदाचा विषय नाही. या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट कमावली होती. ती म्हणजे त्याचे ते नाव. ते नाव सोडायचे की जीव धोक्यात घालायचा, असा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आणि तुम्हाला वाटते तितके त्याचे उत्तर सोपे नसते. नावापायी थंडीत उघडे जाणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. शिवाय प्रश्न त्याच्या एकट्याचा उरला नव्हता. त्याचे पाहून बाकीचेही उघडेच आत जात होते, आणि धक्क्यावर त्या दिवशी मी त्यांच्या दंडांवरही चढलो होतो.

मित्रांनो, मला तुम्हाला जे सांगायचे आहे ते इथेच सांगून टाकतो, कारण या गोष्टीतले शेवटचे बोलणे माझे नाही. थंडी वाईट नसते. तिच्यात सकाळ सुंदर दिसते, भूक चांगली लागते. पण ती हृदयाला जास्तीचे काम लावते, हे विसरू नका. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, किंवा कुणाला रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असेल, तर हिवाळ्यात त्यांचा दाब मोजायला विसरू नका. उन्हाळ्यात बरा असलेला आकडा थंडीत वाढू शकतो. पहाटेच्या गारठ्यात त्यांना पांघरुणातून एकदम बाहेर पाठवू नका. कान, डोके, हात झाकायला सांगा. मनाने गोळ्या थांबवू देऊ नका. आणि कुणी छातीवर हात ठेवून काहीतरी भलतेच कारण सांगू लागले, तर हसण्यावारी नेऊ नका, लगेच डॉक्टरांना गाठा. एक विनंती माझ्या जातीसाठीही. एखाद्या अडगळीत माझ्यासारखा जुना पाऱ्याचा मापक सापडला तर त्याला फोडू नका, उकिरड्यावर टाकू नका. पारा बाहेर सांडला की तो औषधाचा राहत नाही. मोठ्यांना सांगा, ते योग्य ठिकाणी पोचवतील. आम्ही आत आहोत तोवरच भले आहोत.

माझे म्हणाल तर बरे चालले आहे. रोजची कामे नवे यंत्र करते. अधूनमधून त्याचे आकडे बरोबर आहेत का ते पाहण्यासाठी बाई मला उघडतात, आणि तो गुरगुरता नातू माझ्याशेजारी थोडा दबूनच बसतो. एवढा मान मला पुष्कळ आहे.

आता तो दिवस. भट्टीच्या परतीचा पहिला दिवस म्हणून बाई मुद्दाम शीतगृहात आल्या होत्या. आम्ही धक्क्यावर टेबल मांडले होते. हल्ली बाई शेगडीपाशीही मोजतात आणि दाराशीही. हवा कोरडी आणि बोचरी होती. भट्टी आला. कपडे इस्त्रीचे, दाढी ताजी. सगळे कामगार जमले, कुणी पाठीवर थाप मारली, कुणी विचारपूस केली. मी त्याचा दाब मोजला. आकडा चांगला होता. मग गाडी लागली, माल तपासायला आत जायची वेळ झाली, आणि सगळे आपोआप बाजूला झाले.

खुंट्यांच्या रांगेत त्याचा कोट होता. इतकी वर्षे टांगून त्याच्या खांद्यांवर धूळ बसली होती. मफलरने तो काढला, झटकला आणि भट्टीसमोर धरला.

मागून एकाने आवाज दिला, "काय भट्टी, विझली का?"

थोडे हसणे झाले. वाईट मनाचे नव्हते ते. त्यानेच त्यांना असे हसायला शिकवले होते. त्याच्या कानशिलाजवळची शीर उडताना मला टेबलावरून दिसली. बाई चटकन पुढे झाल्या. "माझा हुकूम आहे म्हणून घालताहेत. त्यांची मुळीच इच्छा नाही."

ती सबब सोन्यासारखी होती. ती उचलली असती तर नाव वाचले असते, कोटही अंगावर आला असता. त्याने बाईंकडे कृतज्ञतेने पाहिले. मग त्याने कोटात एक हात घातला, दुसरा घातला, आणि बटणे लावता लावता त्या सगळ्या उघड्या दंडांच्या माणसांकडे एकेक करून पाहिले. दारातून वाफ त्याच्या पायांशी सरपटत येत होती.

"हुकूम-बिकूम काही नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "मला थंडी वाजते. पहिल्या दिवसापासून वाजते."